बाहेरून कल्हई

धुळ्याला तांबटांच्या गल्लीत शेवटून दुसरं दुकान भागाबाईचं. त्या दुकानाच्या कोपऱ्यात दोन वर्षं एक तांब्याची नळी भिंतीला टेकून उभी होती. चार वळणं घेतलेली, अंगठ्याएवढी जाड. भागाबाईच्या नवऱ्यानं, अभिमननं, आत वाळू ठासून आणि निखाऱ्यावर लाल करून ती वाकवलेली. एकाही वळणाला चुणी नाही. मग भाद्रपदात त्याला ताप आला, आठ दिवसांत माणूस गेला, नळी राहिली. भागाबाई रोज दुकान झाडायची, नळीमागचं कोळिष्टक काढायची आणि तिला पुन्हा होती तशी टेकवून ठेवायची.

अभिमन होता तेव्हा कामाची वाटणी ठरलेली होती. ठोकणं, वाकवणं, जोडणं त्याचं. भाता ओढणं, चिंच-राखेनं घासणं आणि कल्हई तिची. तो बोलायला कंजूष. "ओढ," म्हणायचा आणि थोड्या वेळानं "पुरे" म्हणायचा. कधी कधी दिवसभरात तेवढंच. त्या दोन शब्दांना ती तेव्हा कंटाळली होती. आता गिऱ्हाइकांची भांडी कल्हई करताना ती एका हातानं भाता ओढायची, दुसऱ्या हातानं भांडं फिरवायची, आणि दुकानात भात्याच्या उसाशाखेरीज आवाज नसायचा.

पौष लागला तेव्हा जळगावहून तिचा पुतण्या मगन आला. तोही तांबटच, चार पोरांचा बाप. उंबऱ्यावर टेकून म्हणाला, "काकू, अठे एकली काय करस? चाल जळगावले. घरमा पोरंसोरं शेतस, तुले करमी."

"आनि दुकान?"

"ऐरण, भाता, हत्यारं बठ्ठं गाडीवर टाकसुत. तठे मी वापरसु. अठे नुसता गंज चढी ऱ्हायना."

"गंज कथा शे? रोज पुसस मी."

"पुसाले नही व्हतस हत्यारं, काकू. ठोकाले व्हतस."

भागाबाईनं कोपऱ्याकडे पाहिलं. "झुलालनानानी नळी राहेल शे अजून."

"दोन वरीस व्हयनात तिले."

"मंग चार दिन अजून व्हतीन."

मगन हसला. "बरं. येता गुरुवारले गाडी लई येस."

म्हणजे हातात आठवडा होता. अभिमनच्या हातचं शेवटचं काम अर्धं सोडून जायचं की पुरं करून, एवढाच प्रश्न; आणि पुरं करायचं तर तिला एकटीला ते जमतं का, हा त्याच्या पोटातला.

दुसऱ्या दिवशी ती पांझरेपलीकडे देवपुरात झुलालनानांकडे गेली. नाना बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते, आता पेन्शनीत. भुसावळला एका रेल्वे साहेबाच्या बंगल्यात त्यांनी ही युक्ती पाहिली होती: न्हाणीत गरम नळीवर टॉवेल वाळत टाकायचा, म्हणजे अंघोळ होईतो तो ऊन होतो. त्यांच्या बायकोला, सुंदरबाईला, संधिवात होता. थंडीत गार टॉवेल अंगाला लागला की ती कळवळायची. म्हणून नानांनी कागदावर आकृती काढली. बंबाचं कढत पाणी बादलीत पडण्याआधी नळीच्या चार वळणांतून फिरून येणार. अभिमन गेला त्याच वर्षी दिवाळीत सुंदरबाईही गेली. नानांनी नळीची चौकशी कधी केली नाही.

"नाना, नळी पुरी करून देऊ?"

नाना ओसरीवर उन्हाला बसले होते. त्यांनी पायातल्या चपलेकडे पाहिलं. "कोणासाठी, भागाबाई?"

"माझ्यासाठी म्हणा. गुरुवारी मी जळगावला चालले. ती तशी टाकून पाय निघत नाही."

"बसा," नाना म्हणाले. आत जाऊन आकृतीचा कागद घेऊन आले. घडीवर फाटला होता, तरी कोपरे जपलेले. "मी आधी लोखंड म्हणालो होतो. सुंदरा म्हणाली, ओल्या फडक्याखाली गंजेल. म्हटलं, रंग देऊ. म्हणाली, गरम झाला की वास मारेल, रंग तुमच्या पुलांना द्या."

"मग पितळ?"

"पितळ आठवड्याला घासावं लागतं. म्हणाली, घासणार कोण, ओव्हरसियर?" नानांच्या मिशीखाली काहीतरी हललं. "साहेबाकडे निकेलचा मुलामा होता. तो मुंबईला होतो. एका नळीसाठी मुंबईला जा, म्हणाली, आणि तिथंच राहा. मग तांबं ठरलं. वरून काय करायचं ते अभिमनवर सोपवलं. तो म्हणाला, बघतो."

"एवढंच?"

"एवढंच. तुम्हाला काही बोलला होता?"

"नाही," भागाबाई म्हणाली.

"उघडं तांबंच ठेवू या ना. लालभडक दिसेल."

"चार दिवस दिसेल, नाना. मग ओलीनं हिरवं धरेल. पांढऱ्या टॉवेलावर पट्टे उठतील, ते कशानं जात नाहीत."

"हे अभिमनला ठाऊक असेलच."

"त्यांनी जन्मात कधी टॉवेल धुतलाय?"

नाना हसले. घर मोठं आणि मोकळं होतं. हसणं आतल्या खोलीपर्यंत जाऊन परत आलं.

"कल्हई करते," ती म्हणाली. "बाहेरून."

"कल्हई आतून करतात."

"पोटात जायचं असतं तिथं आतून. इथं जे अंगाला लागणार ते बाहेर आहे."

नाना कागदाची घडी घालत म्हणाले, "तिला पटलं असतं. करा. मंगळवारी बघायला येतो."

सोमवारी सकाळी भागाबाईनं नळी आडवी घेतली. चिंचेनं घासली, राखेनं पुसली, पुन्हा चिंच लावली. दोन वर्षांचा काळा थर उतरला आणि तांबं नव्या नवरीसारखं उजळलं. मग निखारे फुलवले. एका टोकापासून नळी तापवत, नवसागराची चिमूट टाकत, कथलाची कांडी फिरवत आणि कापसाच्या बोळ्यानं पुसत ती पुढे सरकू लागली. पांढरा धूर छताला लागला. कथील रुप्यासारखं पसरत होतं. पहिलं वळण झालं. तिला बरं वाटलं, इतकं की ती स्वतःशी काहीतरी गुणगुणलीही.

नळी तीन तुकडे जोडून केलेली; दुसऱ्या वळणापाशी पहिला जोड होता. तिथं निखारा आला, आणि हातातलं वजन अचानक हललं. नळी जोडातून निसटली. ती सावरायला गेली तो ओढीनं पुढचा, तापलेला जोडही सुटला. फरशीवर खणखण वाजत तीन तुकडे तीन दिशांना गेले.

तुकडे निवल्यावर भागाबाईनं एक तुकडा उचलून टोक बघितलं. टोकाला शिशाचे मऊ, करडे थेंब. कच्ची झाळ, नुसता शिशाचा जोड. कल्हईच्या तापाला ती टिकत नाही, हे तांबटाच्या घरातल्या मांजरालाही ठाऊक. जिथं कल्हई व्हायची तिथं अभिमन पक्की झाळ द्यायचा, पितळेची. वीस वर्षांत तो एकदाही चुकला नव्हता, म्हणून तर तिनं जोड तपासले नव्हते.

म्हणजे यातही तो चुकला नव्हता. कल्हई करायचीच नाही, असं त्यानं ठरवलेलं होतं. नळी उघडी, लाल राहणार होती. हातानं ठरवलं आणि तोंडानं सांगितलं नाही. शेजारी बसून भाता ओढणाऱ्या बाईला सांगितलं नाही.

"एक शब्द," ती तुकड्याला म्हणाली. "एक शब्द जास्तीचा बोलले असते तर काय झालं असतं?"

मंगळवारी नाना आले तेव्हा तीन तुकडे ओळीनं मांडलेले होते. भागाबाईनं कानशीनं टोकांवरचं शिसं खरवडून काढलं होतं, पितळेचा कीस आणि झाळ पसरवणारा टाकणखार कालवून ठेवला होता.

"मोडली?" नानांनी विचारलं.

"मी मोडली. त्यांनी उघडी ठेवायची म्हणून जोडली होती. मी न बघता तापवली."

"मग उघडीच ठेवू. त्याची इच्छा."

"त्यांची इच्छा चुकीची होती, नाना. कापड खराब झालं असतं." तिचा आवाज चढला नाही. "पक्की झाळ देते. कधी दिली नाही, पण वीस वर्षं बघितलीय. फक्त एक हात कमी पडतो. झाळीला भाता मध्येच थांबून चालत नाही आणि मला दोन्ही हात जोडावर पाहिजेत."

नानांनी इकडेतिकडे पाहिलं. गल्लीत कोणी नव्हतं. त्यांनी कोट काढून खुंटीला अडकवला, धोतर सावरलं आणि भात्यापाशी जमिनीवर बसले.

"मी आयुष्यभर लोकांकडून कामं करून घेतली," ते म्हणाले. "कशी करतात ते आता कळेल. काय करू?"

"ओढा," भागाबाई म्हणाली.

निखारे पांढरे झाले. टाकणखार फुगला, मग काचेसारखा वितळला. पितळेचा कीस अजून कोरडाच.

"माझे खांदे गेले," नाना म्हणाले.

"पूल कसे बांधलेत?"

"सांगितलं ना, बांधून घेतले."

ज्वाळेला हिरवी झाक आली. कीस एकाएकी पाण्यासारखा चकाकला आणि जोडाभोवती धावला. अजून दोन श्वास गेले असते तर नळीच वितळली असती.

"पुरे," ती म्हणाली.

दुसरा जोड पहिल्यापेक्षा बरा झाला. दोन्हीकडे गाठी राहिल्या, बोराएवढ्या. अभिमनचा जोड हाताला लागत नसे. कल्हई चढली तरी या गाठी झाकल्या नाहीत.

बुधवारी सकाळी नानांच्या न्हाणीत नळी भिंतीवर चढली. नानांनी बंबात कपाशीची पऱ्हाटी पेटवली. पाणी कढल्यावर तोटी सोडली. नळीत गुरगुर झाली, दोन्ही जोडांवर दोघांची नजर, थेंब आला नाही, आणि खालच्या टोकातून बादलीत पाणी पडू लागलं. नाना आत जाऊन ट्रंकेतून एक टॉवेल घेऊन आले. पांढरा, निळ्या काठाचा, पेटीच्या वासाचा. तो कोणाचा, हे भागाबाईनं विचारलं नाही. त्यांनी तो मधल्या वळणावर टाकला. दोघं बाहेर थांबले. थोड्या वेळानं नानांनी तो काढून दोन्ही तळव्यांवर धरला.

"ऊन झालाय," ते म्हणाले. उलटसुलट करून पाहिला. "डाग नाही."

"नाही पडायचा."

ते तसेच टॉवेल धरून उभे राहिले. भागाबाईनं निघते म्हटलं तेही त्यांना ऐकू आलं की नाही, कोण जाणे.

गुरुवारी मगन बैलगाडी घेऊन आला. दुकानातली मोठी ऐरण आणि दोन जड हातोडे दारात काढून ठेवलेले होते.

"हाई तू ले," भागाबाई म्हणाली. "माले नही उचलावत."

"आनि भाता?"

"भाता ऱ्हावू दे. धाकली ऐरणबी ऱ्हावू दे. मी नही येत, मगन."

मगननं उचललेला हातोडा खाली ठेवला. "नळी तं व्हयनी ना?"

"व्हयनी. मना हातनी व्हयनी, म्हनीसनीच नही येत."

"अन् भाता कोन वढी तुना?"

तिनं आढ्याकडे पाहिलं. मगननं ऐरण चढवली, सणावाराला तरी ये म्हणाला, ती हो म्हणाली. गाडीची घुंगरं गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू आली.

मग दुकान होतं तसं झालं. कोपऱ्यात नळी नव्हती, तिच्या जागी भिंतीवर एक उभा फिकट पट्टा होता. भागाबाईनं सुतळीचा एक तोडा घेतला, भात्याच्या दांड्याला बांधला, आढ्यावरून खाली आणला आणि दुसऱ्या टोकाचा फास पायाच्या अंगठ्यात अडकवला. दोन्ही हात मोकळे ठेवून तिनं पाय खाली दाबला. भात्यानं अर्धाच श्वास घेतला. सुतळी लांब झाली होती. तिनं ती सोडली, वीतभर आखूड केली आणि पुन्हा बांधली.

"ओढ," ती म्हणाली, आणि पाय दाबला.