वाळक्या फांदीचा ब्रेक

त्याचं नाव मी विचारलं नाही. आमची भेट झाली तेव्हा मी करवंदीच्या जाळीत डोकं खाली, पाय वर असा पडलो होतो, आणि अशा अवस्थेत माणूस ओळखी काढत बसत नाही.

सन साठच्या आसपासची गोष्ट. नवी सायकल घेतली होती आणि अख्ख्या पेठेला तिचे ब्रेक दाबून दाखवले होते. मुळशीच्या पुढे, ताम्हिणीच्या रानातल्या पहिल्याच मोठ्या उतारावर ते दोन्ही ब्रेक सुटले.

मागून खरखर ऐकू आली. एक काटकुळा गवळी सायकलवरून तोच उतार उतरत होता. हँडलला दुधाची रिकामी चरवी, तोंडात विडी, ब्रेक एकही नाही. कॅरिअरला दोरीनं बांधलेली भलीमोठी वाळकी फांदी रस्त्यावरून फरफटत होती, आणि तिच्या ओढीनं स्वारी बैलगाडीच्या चालीनं येत होती. पाय टेकून तो थांबला.

"पावणं, करवंदं पिकायला अजून म्हैना हाय."

मग माझा पाय धरून त्यानं मला बाहेर ओढलं आणि उताराखालच्या आपल्या घरी नेलं. अंगात काटे होते, तरी माझा पुणेरीपणा शाबूत होता.

"अहो, हा कसला ब्रेक? रोज नवी फांदी शोधायची?"

फांदी गुडघ्यावर मोडून त्यानं चुलीत सारली आणि वर आधण ठेवलं. गुळाचा चहा माझ्या हातात देऊन तो भिंतीला टेकवलेल्या माझ्या सायकलीकडं बराच वेळ बघत राहिला. मग अगदी अदबीनं म्हणाला,

"तुमच्या बिरेकावर चा व्हतो का?"