हार घालायचा की नाही

चौथ्या दिवशी श्रीगोंद्याला उतरले तेव्हा कंबर अगदी धरली होती. चारचौघांसारखी नसलेली कुटुंबं शोधून त्यांचे फोटो काढायची हौस माझीच, तेव्हा तक्रार तरी कोणाकडे करणार! भंडारदऱ्याच्या कुटुंबाने ऐनवेळी नकार दिला, घोडेगावच्या घराला कुलूप. उरल्या होत्या या दोघी सवती.

उसाच्या ट्रॉल्यांमागे रखडत टेम्पोने त्यांच्या वस्तीवर पोचले. बारा वर्षांपूर्वी नवरा घरातून गेला तो परतलाच नाही. तेव्हापासून थोरली यमुनाबाई आणि धाकटी रंजना एकाच चुलीवर जेवतात. दोघींचा एकत्र असा एकही फोटो नाही. थोरलीचे डोळे काचबिंदूने चालले आहेत. दिसते आहे तोवर तिला तसा फोटो हवा होता.

धाकटीने आधी शेंगोळे (हुलग्याच्या पिठाची, रश्शात शिजवलेली कडबोळी) वाढले. तिखटाने नाकाडोळ्यांतून पाणी आले, पण चार दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवले.

मग अंगणात खुर्च्या मांडल्या. धाकटीने नवऱ्याची तसबीर आणून मांडीवर घेतली. दमून माझे डोके चालत नव्हते. सवयीने बोलून गेले, "हार घालायचा का याला?"

थोरलीचा हात कपाळावरच्या कुंकवाकडे गेला. "हार कशापायी? जित्ता हाय तो."

"बारा वर्सं झाली, आक्का," धाकटी म्हणाली. तिचे कपाळ मोकळे होते. "मी बिनहाराची तसबीर घेऊन बसनार न्हाई."

"मग मला फोटूच नगं."

थोरली चाचपडत आत गेली. इतकी वर्षे दोघींनी झाकून ठेवलेला विषय मी एका वाक्यात उघडा केला होता. स्वतःचाच राग आला. ऊन उतरले तशी मी बॅग भरायला घेतली.

तेवढ्यात थोरली बाहेर आली. धाकटीच्या मांडीवरची तसबीर तिने उचलली आणि घरात नेऊन ठेवली.

"तो कुठंबी असंल," खुर्चीत बसत ती म्हणाली. "आमी दोघी तर हितंच हाय न्हवं? काढ बाई."

काढला. कॅमेऱ्याचा पडदा तिने नाकाला टेकवून बराच वेळ पाहिला.

"रंजे, तुजे केस कवा गं पिकले?"

"तुज्याबरूबरच की, आक्का."

घरी येऊन दोन दिवस नुसती झोपले. मग तो फोटो जमेल तितका मोठा छापून घेतला आणि बाकी सगळी कामे ठेवून आधी श्रीगोंद्याला पाठवला. पोचला का, हे फोनवर विचारले. दिसला का, हे विचारायचे धाडस झाले नाही.