कोंडाजी कुंभाराचा गुरू

कर्जतजवळ कोंडाणे लेण्यांच्या वाटेवरच्या एका गावात कोंडाजी कुंभाराचं मडकं कुणी वाजवून घेत नसे, इतका त्याच्या हातावर विश्वास. एकाहत्तरच्या हिवाळ्यात शाळेच्या इंदूबाई त्याच्याकडे वेगळंच काम घेऊन आल्या. कर्जतच्या प्रदर्शनात मुलं त्याने घडवलेले मातीचे ग्रह मांडणार होती. पृथ्वी बोराएवढी धरली तर गुरू अकरा बोरं ओळीने ठेवावीत तेवढा रुंद, शनी नऊ बोरांचा, मंगळ अर्ध्या बोराचा, असं बाईंनी अंगणात बोरं मांडूनच दाखवलं. सूर्य करू नका, तो तुमच्या दारातून निघायचा नाही, असंही म्हणाल्या.

शनीभोवतीचं कडं धरणारी काडी खोवायला कोंडाजीने त्याला भोक ठेवलं होतं. तो आव्यातून नीट भाजून निघाला. गुरू मात्र चारी बाजूंनी बंद. आत वाफ कोंडली आणि तो फुटला. प्रदर्शन दुसऱ्याच दिवशी होतं. पिढीजात कुंभाराचा गोळा फुटला, हे सांगायची त्याला लाज वाटली. त्याने एका लहान मडक्याचं तोंड मातीने बुजवलं, वर गेरूचे पट्टे ओढले आणि पेंढ्यात गुंडाळून तोच गुरू म्हणून दिला. बाईंनी उघडून पाहिलंही नाही.

कुणाला कळायचं नाही असं धरून कर्जतला तोही गेला. मांडामांड मुलांनीच केली. परीक्षकांनी जना नावाच्या मुलीला सगळ्यात मोठा ग्रह विचारला. गुरू, ती म्हणाली. मग हा शनी मोठा कसा, असं त्यांनी विचारलं. जना दोन्ही गोळ्यांकडे पाहू लागली, बाकीच्या शाळांची पोरं हसली. इंदूबाईंनी ते मडकं पाहिलं, मग कोंडाजीकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली.

"माप देताना माझीच चूक झाली," बाई म्हणाल्या.

परतताना त्यांच्याबरोबर एस.टी.त बसायचं त्याला धैर्य झालं नाही. तो चालत घरी आला. कसं झालं, असं बायको सुंदराने विचारलं, तर तो माती मळायला बसला.

पुढच्या आव्यात त्याने भोक ठेवून गुरू भाजला आणि शाळेत नेला. वर्गात उभा राहून म्हणाला, "पोरांनो, बाई चुकल्या नाय. माजा गोळा फुटला आन् मी लबाडी केली. जना, तुजं बरोबर हुतं गं."

जनाने मान वर केली नाही. बाईंनी मुलांकडून गुरूशेजारी अकरा बोरं लावून घेतली. मग त्याला हळूच म्हणाल्या, "तिथंच बोलला असतात तर."

पुढे काही वर्षांनी जनाचं लग्न ठरलं. लग्नाची मडकी सांगायला ती स्वतः त्याच्या दारात आली. जुनं काही बोलली नाही. त्याने मान हलवून काम घेतलं, पण ती जाईपर्यंत चाकावरून नजर उचलली नाही.