कनातीवरचा उजेड : श्री. प्रल्हादराव ढोले यांची व्हॉलीबॉलची छायाचित्रे

श्री. प्रल्हादराव ढोले यांच्या षष्ट्यब्दीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथासाठी मी लिहावे, असा संपादक मंडळाचा आग्रह झाला, तेव्हा मी एकच अट घातली. प्रल्हादरावांचे बोलणे मी त्यांच्याच शब्दांत देईन. त्याला कोणी प्रमाण भाषेचा साज चढवू नये. आयुष्यभर विद्यार्थ्यांचे शुद्धलेखन तपासणाऱ्या माणसाने अशी अट घालावी, याचे मंडळातील काहींना नवल वाटले. परंतु उद्गार ज्याचा त्याच्याच तोंडचा असावा, हाही शुद्धतेचाच एक नियम आहे.

आमचा प्रथम परिचय झाला तो पांढुर्ण्यातील एका जुन्या जिनिंगच्या गोदामात. कापसाचे काम तेथून हलल्यावर ते गोदाम रिकामे पडले होते. आमच्या क्रीडा मंडळाने मालक नारायणशेठ यांना विनंती करून ते मुलींच्या व्हॉलीबॉलसाठी मागून घेतले, फरशी नीट केली, जाळे बांधले आणि त्याला ‘हॉल’ म्हणू लागलो. छप्पर उंच आणि पत्र्याचे. उजेडाची सोय म्हणाल, तर काही जुने पिवळे दिवे, काही पांढऱ्या नळ्या आणि दोन असे दिवे, जे मनात आले तरच लागत. मी मंडळाचा चिटणीस. स्पर्धेची छायाचित्रे हवी होती, म्हणून शेजारच्या सौंसर गावच्या बाजारात स्टुडिओ चालवणाऱ्या प्रल्हादरावांना मी बोलावणे धाडले. ते आले, कॅमेरा पिशवीतून बाहेरही न काढता खाली बसले आणि संध्याकाळभर नुसते वर पाहत राहिले. जाताना म्हणाले, “गुरुजी, तुमच्या हॉलात पोरी नाही, संत्रे खेळून राहिले. साऱ्याइचे तोंडं पिवळे.”

मी क्षणभर रागावलो. मग वर पाहिले, मुलींकडे पाहिले आणि मला हसू आवरेना.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले, तिसऱ्या दिवशीही आले. अशा हॉलमध्ये छायाचित्र काढणे किती अवघड आहे, हे त्यानंतर मी त्यांच्या सहवासात शिकलो. दिव्यांचा उजेड आपल्याला स्थिर वाटतो. कॅमेऱ्याला तो लुकलुकताना दिसतो. त्यामुळे पाठोपाठ काढलेल्या दोन चित्रांत एकाच मुलीचा चेहरा एकदा हिरवट आणि एकदा तांबूस येतो. झपाट्याने टिपावे, तर चित्र काळे पडते. सावकाश टिपावे, तर हात आणि चेंडू यांचा धूर होतो. बाहेरगावचे छायाचित्रकार यावर सोपा उपाय करीत: फ्लॅश मारीत. प्रल्हादरावांनी आमच्या हॉलमध्ये एकदाही फ्लॅश वापरलेला नाही. चेंडू उचलून देणाऱ्या मुलीला आमच्याकडे ‘लिफ्टर’ म्हणतात. तिची नजर सतत वर असते. त्या नजरेत वीज चमकवणे त्यांना मान्य नव्हते.

त्यांनी शोधलेला मार्ग निराळा होता. उडी मारणारा माणूस वर जातो, खाली येतो. पण या दोहोंच्या मध्ये, अगदी वर, निमिषमात्र थांबतो. तेवढ्या थांबण्याला मंद उजेडही पुरतो. मात्र ते थांबणे कोणाचे कोठे येते, हे आधीच ठाऊक असावे लागते. म्हणून ते सरावाला येत. कोण उशिरा उडते, कोण डावा खांदा आधी टाकते, कोण उडताना डोळे मिटते, हे सारे त्यांना पाठ असे. चेंडूकडे ते पाहतच नसत. “बॉल दिसला म्हंजे टाइम गेला,” हे त्यांचे वाक्य आमच्या प्रशिक्षकांनीही उचलले.

ते नम्र आहेत, असे मी लिहिणार नाही. कारण ते खरे नाही. आपले चित्र चांगले उतरले की प्रल्हादराव ते साऱ्या बाजाराला दाखवतात आणि पाहणाऱ्याने पुरेशी स्तुती केली नाही, तर पुन्हा दाखवतात. त्यांच्या चित्रांखालील ओळी मी लिहीत असे. त्यांनी एकदा फार सूचक स्वरात विचारले, की चित्र पाहायला लोकांना जेवढा वेळ लागतो, त्याहून जास्त वेळ तुमची ओळ वाचायला का लागतो? मी ओळ आखूड केली नाही. त्यांनीही प्रश्न मागे घेतला नाही. ही चर्चा अद्याप सुरू आहे.

परंतु त्यांचा अभिमान त्यांच्या कामापुरता आहे. माणसांच्या बाबतीत त्यांचे मन फार हळवे आहे. तिगावहून रेल्वेने सरावाला येणारी एक मुलगी वर्षभर राखीव खेळाडूंच्या बाकावरच बसून राहिली. सामन्याच्या चित्रांत ती कोठेच नसे. एके दिवशी सराव संपल्यावर प्रल्हादरावांनी तिला जाळ्याशी बोलावले, लिफ्टरला चेंडू उचलायला सांगितले आणि तिची उडी मनाजोगी टिपली जाईपर्यंत सर्वांना थांबवून ठेवले. गाडीची वेळ होत आली, तशी ती घाबरली. तेव्हा स्वतःच्या मोटारसायकलवर तिला स्टेशनवर सोडून आले. ते चित्र तिच्या घरच्या दर्शनी भिंतीवर आहे, हे मी स्वतः पाहिले आहे. त्या दिवसापासून बाकावरील प्रत्येकीचे एक उडीचे चित्र काढायचे, हा आमच्या मंडळाचा रिवाजच झाला.

माझ्याही वाट्याला त्यांचा जिव्हाळा आला. माझ्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा काळा चष्मा लावून मी हॉलमध्ये जाऊन बसलो. दिसत काहीच नव्हते. प्रल्हादराव कॅमेरा बाजूला ठेवून माझ्याशेजारी बसले आणि अख्खा सामना त्यांनी मला बोलून दाखवला: कोण उठली, कोण चुकली, पंचांच्या चेहऱ्यावर काय उमटले. त्या कथनात मी एकही दुरुस्ती सुचवली नाही. माझ्या परिचितांना याचा अर्थ कळेल.

आता ज्या प्रसंगामुळे आमचा हॉल राहिला, तो सांगतो.

नारायणशेठ सज्जन गृहस्थ, पण व्यापारी. त्या जागेचे मंगल कार्यालय करावे, असे त्यांच्या घरच्यांनी मनात घेतले. शेठजींनी मला बोलावून स्पष्ट सांगितले, की हॉलमध्ये काय चालते ते त्यांनी कधी पाहिलेले नाही. यंदाच्या अंतिम सामन्याला ते येतील, पाहतील आणि मग ठरवतील. दुसरी जागा आम्हांला मिळण्यासारखी नव्हती. पावसाळ्यात मैदानावर चिखल होतो आणि संध्याकाळी मुलींना उघड्यावर खेळायला पाठवायला पालक तयार नसत. हॉल गेला असता, तर मुलींचा खेळच बंद पडला असता. हे मला ठाऊक होते, मुलींना ठाऊक होते आणि प्रल्हादरावांनाही ठाऊक होते.

सामना पांढुर्णा विरुद्ध सौंसर असा होता. शेठजींनी मनाचा मोठेपणा दाखवला, आणि नेमकी तेथेच पंचाईत झाली. आपल्याकडे मोठा पाहुणा येतो, तो लग्नात. म्हणून त्यांनी परस्पर मंडपवाल्याला सांगून हॉलमध्ये लग्नाचा थाट करविला. मैदानाच्या कडेला लाल मखमलीचा सोफा आला. बाजूच्या काळवंडलेल्या भिंती झाकायला पांढरी कनात लागली. आणि ‘फोटो झकास यावेत’ म्हणून एका टोकाला उंच खांबांवर हॅलोजनचे दिवे चढले, ज्यांच्या उजेडात नवरदेवाच्या कपाळावरचा घामसुद्धा मोजता यावा. शेठजी सोफ्यावर स्थानापन्न झाले. छायाचित्रकाराला याहून अधिक काय हवे? प्रल्हादरावांना असा उजेड आमच्या हॉलमध्ये कधी मिळाला नव्हता.

सामना सुरू झाला आणि पांढुर्ण्याच्या मुली, ज्यांची तोंडे त्या दिव्यांकडे होती, साध्या साध्या सर्व्हिसही सोडू लागल्या. चेंडू वर गेला की त्या डोळ्यांवर आडवा हात धरीत. आमच्या लिफ्टरच्या नाकावर चेंडू बसला. तिने नाक पुसले, पंचांना काही नाही म्हणून खूण केली आणि पुन्हा उभी राहिली. काय झाले आहे, ते मला समजले. परंतु शेठजींच्या दिव्यांबद्दल शेठजींना, त्या दिवशी, कोण सांगणार? मी प्रशिक्षकांकडे पाहिले. प्रशिक्षकांनी फरशीकडे पाहिले.

तेवढ्यात प्रल्हादराव आपल्या कोपऱ्यातून उठले. सौंसरचे प्रेक्षक खूश होते, कारण त्यांचा संघ पुढे होता; त्यांतला एक ओरडला, “काका, बसा न खाली! आपलं गाव कोनतं, भुलले का?” प्रल्हादरावांनी तिकडे लक्ष दिले नाही. पंचांची परवानगी घेऊन ते सरळ सोफ्यापाशी गेले.

“शेठजी, हे लाईट फिरवा लागते.”

शेठजींचा चेहरा उतरला. “तुह्या फोटोसाठीच त लावले मी.”

“फोटो एकदम मस्त येऊन राहिले. पन पोरीले बॉल दिसून नाही राहिला.”

“तुले कसं मालूम?”

“तुमीच या न. इथं हुबे राहा, वरतं पाहा, मंग सांगा.”

मंगल कार्यालयाच्या जेवणावळी माझ्या डोळ्यांसमोर दिसू लागल्या. पण शेठजी उठले. धोतर सावरीत, टोपी नीट करीत जाळ्याशी जाऊन दिव्यांकडे तोंड करून उभे राहिले. प्रल्हादरावांच्या सांगण्यावरून सौंसरच्या मुलीने पलीकडून अगदी हलक्या हाताने चेंडू वर उडवला. शेठजी वर पाहत राहिले, हात पसरून, फार आदराने. आणि चेंडू सावकाश येऊन त्यांच्या टोपीवर पडला. टोपी एकीकडे गेली, चेंडू दुसरीकडे.

“अरे, हा आला कुठून?” शेठजी म्हणाले.

“वरतूनच आला, शेठजी. रोज तिथूनच येते.”

पहिले हसले ते शेठजी. मग सारा हॉल हसला. “बंद करा रे ते लगनाचे लाईट,” असे म्हणत त्यांनी स्वतःच टोपी उचलली. प्रल्हादरावांनी मात्र मंडपवाल्याला थांबवले. दिवे विझवायचे नव्हते, त्यांना पाठ फिरवायला लावायचे होते. त्यांनी ते बाजूच्या पांढऱ्या कनातींकडे वळवून घेतले. कनातीवर पडून परतलेला उजेड मऊ झाला, सारखा पसरला आणि कोणाच्याही डोळ्यांत शिरेना. पहिल्या उजेडाच्या मानाने तो पुष्कळ कमी होता. प्रल्हादरावांना पुन्हा आपल्या जुन्या रीतीने उडीच्या माथ्यावर टपून बसावे लागले. ते गुडघा टेकून बसले आणि सामना पुढे चालू झाला.

सामना सौंसरनेच जिंकला. त्यामुळे प्रल्हादरावांना गावाची आठवण करून देणारे गप्प झाले. पांढुर्णेकर म्हणून मला मात्र वाईट वाटले आणि तो पराभव प्रल्हादरावांनी मला बरेच दिवस विसरू दिला नाही.

पुढे चित्रे धुऊन आली, तेव्हा शेठजी ती पाहायला स्टुडिओत आले. मीही होतो. त्यांनी एक चित्र उचलले ते खाली ठेवीनात. समोर मोहगावची, सौंसरकडून खेळणारी मुलगी हवेत थांबलेली, हात चेंडूवर. वर गोदामाच्या जुन्या सागवानी तुळया स्पष्ट दिसत होत्या. आणि मागे, सोफा सोडून उभे राहिलेले नारायणशेठ: टोपी हातात, तोंड उघडे, लहान मुलासारखे. आपण केव्हा उठलो, हे त्यांना आठवत नव्हते.

चित्रावरची नजर न काढता त्यांनी विचारले, “मंगल कार्यालयात असा फोटो निघन का?”

“नाही शेठजी,” प्रल्हादराव म्हणाले. “मी लय लग्नं काढले. तिथं सारे फोटोसाठी हुबे राहतात. इथं तुमी आपल्या मनानं उठले.”

शेठजींनी ते चित्र कागदात गुंडाळून घेतले. दारापाशी वळून मला म्हणाले, “गुरुजी, राहू द्या तो हॉल.” बस, इतकेच. त्या चित्राखाली मी एक ओळ लिहून ठेवली होती. ती वाचून दाखवण्याची वेळच आली नाही, आणि प्रल्हादरावांच्या मते ते चित्राचे भाग्य.

तो हॉल आजही आहे. पांढुर्णा जिल्ह्याचे ठिकाण झाले. मुली आता पूर्वीपेक्षा लांब लांब खेळायला जातात. शेठजींनी नवे दिवे बसवून दिले आहेत आणि ते कोणत्या दिशेने लावावेत, हे अर्थातच प्रल्हादरावांनी ठरवले. ते दोन मनस्वी दिवे मात्र त्यांच्या हट्टामुळे तसेच राहिले. आठवण म्हणून, असे ते म्हणतात.

सत्कार समारंभ त्याच हॉलमध्ये होणार आहे. व्यासपीठावर झगझगीत दिवे लावण्याची सूचना आली, तेव्हा प्रल्हादरावांनी निरोप धाडला: कनात लावा आणि दिवे तिच्याकडे फिरवा, लोकांच्या डोळ्यांत नको. स्वतः मात्र आपल्या नेहमीच्या कोपऱ्यातूनच सत्कार स्वीकारू म्हणतात. मंडळाने तेवढे ऐकलेले नाही.

प्रल्हादरावांना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो. त्यांची नजर अशीच तयार राहो, त्यांचे गुडघे फरशीवर टेकायला आणि फरशीवरून उठायला पुढील कितीतरी पावसाळे साथ देवोत, आणि माझ्या लांब ओळींबद्दलची त्यांची तक्रार मला दरवर्षी ऐकायला मिळो. वाचकांना एकच विनंती. त्या दिवशी ते व्यासपीठावर येतील, तेव्हा कोणी सांगितले म्हणून उभे राहू नका. आपल्या मनाने उठा. सत्कार त्यांचा असला, तरी कॅमेरा त्यांच्याच गळ्यात असणार आहे, आणि तुम्ही कसे उठलात, हे त्यांना लगेच दिसेल.