एफी आणि एकची तोफ

एफी गिलफिलन पाहुण्यांना आमचं एडिनबरा दाखवते. त्यातलं निम्मं गाव खरं, उरलेलं तिने स्वतःच्या डोक्यातून काढलेलं. ज्या बोळात इतिहासाने एक खून केला, तिथे एफी दोन करते. मी एकदा टोकलं, तर म्हणाली, "वॅटी, मेलेली माणसं तक्रार करत नाहीत. तू तुझे मफलर वीक." नवरा पळून ॲबर्डीनला गेला, तोही एका मासेवालीबरोबर. पण एफीच्या तोंडून ऐकाल तर तो समुद्रात बुडाला, आणि दर वेळी निराळ्या वादळात.

पण तिचा हातखंडा खेळ म्हणजे तोफ. आमच्या किल्ल्यावरून रविवार सोडून रोज दुपारी एकला तोफ उडते. आम्हा गावच्या माणसांना ती ऐकूच येत नाही. हात आपोआप घड्याळाकडे जातो, इतकंच. पाहुण्यांची मात्र पाचावर धारण बसते. म्हणून एफी तोफेविषयी चकार शब्द काढत नाही. वाटेत मुद्दाम रेंगाळते, एक वाजत आला की सगळ्यांना किल्ल्यापुढच्या मैदानात उभं करते आणि हळू आवाजात डोकं उडालेल्या ढोलवाल्याची गोष्ट सुरू करते. लोक पुढे वाकतात, कान टवकारतात, आणि धडाम! किंकाळ्या, मग हसू. तेवढ्यात मी पुढे होऊन घड्याळ काढायचं आणि म्हणायचं, "चला, जेवायची वेळ झाली." माझं लोकरीचं दुकान मैदानाच्या खालच्या अंगालाच आहे. घाबरलेल्या माणसाला थंडी फार वाजते. मफलर खपतात.

त्या शनिवारी एफीच्या घोळक्यात काही जर्मन होते, एक नवीन जोडपं होतं, आणि खाडीपलीकडच्या फाइफहून आलेले डॉड आणि त्याची बायको नेटी मेल्ड्रम. फाइफची माणसं एडिनबरात येतात ती इथे सगळं किती महाग आहे हे घरी जाऊन सांगायला. पण हा डॉड काही बोलतच नव्हता. फावड्याएवढे हात, गळ्याशी आवळलेला टाय, आणि चालणं भिंतीला धरून. शेजारच्या दारूच्या गुत्त्यात कोणीतरी पिंप तळघरात सोडलं, त्या आवाजासरशी गडी माझ्या दाराच्या चौकटीला असा चिकटला की मला वाटलं, चौकट घेऊनच जातो.

एफी घोळका घेऊन वर गेली. नेटी हातमोजे बघायच्या निमित्ताने मागे राहिली. मोज्यांकडे तिचं लक्षच नव्हतं.

"बाबा, तोफ उडायच्या आत आम्ही इथून खाली जाऊ ना हो?"

मी घड्याळ पाहिलं. "का गं पोरी?"

"हे दगडखाणीत होते. सुरुंग लावण्याआधी भोंगा होतो, माणूस ओरडून सांगतो, सगळे लांब होतात. त्या दिवशी ना भोंगा, ना कोणी ओरडलं. यांच्या शेजारचा माणूस गेला. तेव्हापासून यांनी उंबरा ओलांडला नव्हता. महिनाभर हातापाया पडून आज बाहेर काढलंय. मी मुद्दाम रविवार धरला होता, सहलवाल्यांनी सहल शनिवारवर आणली. यांना तोफेचं सांगितलं असतं तर आलेच नसते. बाई म्हणाल्या, दुपारच्या आत खाली पोचवते. आता बघा, अजून वरच!"

बाई वर का होत्या, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक? मोजे तिथेच टाकून मी निघालो. माझं पळणं म्हणजे बदकाचं पळणं, पण पळालो.

मैदानात ढोलवाल्याची गोष्ट सुरू झाली होती. मी एफीची बाही ओढली, कानाशी सगळं सांगितलं. तिच्या तोंडचं पाणी पळालं.

"आधी नाही सांगायचं, गाढवा?"

"मला आत्ता कळलं, म्हातारे!"

डॉड घोळका सोडून कठड्याला टेकला होता. समोर खाडी आणि खाडीपलीकडे त्याचं फाइफ. एफी लगबगीने गेली. "मेल्ड्रमसाहेब, खाली एक फार सुंदर तळघर आहे. चला, आत्ताच दाखवते."

"तळघरं पुष्कळ पाहिली, बाई."

"अहो, चला ना," नेटी धापा टाकत आली. "मला गरगरतंय."

"मग बस इथे. वारा लागू दे. कितीतरी दिवसांनी आपला किनारा बघतोय मी, नेटी." आणि तो हसला. नेटीने माझ्याकडे असं पाहिलं की मी मान खाली घातली. ओढून न्यावं तर तो बैलासारखा माणूस. न न्यावं तर आज घरी जाऊन जे दार लागेल ते कायमचंच.

माझ्या घड्याळाचा काटा वर चढत होता. एफीने तो पाहिला. मग जे तिने जन्मात केलं नव्हतं ते केलं. छत्री उंच धरली आणि आपलाच खेळ मोडला.

"ऐका हो सगळे! आता किल्ल्यावरून तोफ उडणार आहे! रोजची आहे, नुसता बार आहे, गोळा नाही. पण आवाज मोठा आहे!" आणि डॉडकडे वळून हळूच म्हणाली, "दादा, तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. आता सांगतेय."

डॉडचा चेहरा चुन्यासारखा झाला. बोटं कठड्यावर रुतली. "कधी?"

"आत्ताच."

तो पायऱ्यांकडे वळला. नेटीने डोळे मिटले. पण वाटेत एक बाबागाडी होती आणि तिची आई फोटो काढत उभी होती, तिने काही ऐकलंच नव्हतं. डॉड थांबला. दोन्ही पंजे तोंडाशी धरले, आणि तो खाणीतला आवाज त्या मैदानावर असा फुटला की किल्ल्याचा पहारेकरीसुद्धा वळला.

"बार हो! बाऽऽर! कान झाका! पोरांना धरा!"

त्या आईने पोराचे कान दाबले. जर्मन तर खालीच बसले. आणि तोफ उडाली.

डॉड हलला. सगळं अंग थरथरलं, पण तो उभा राहिला. कबुतरं परत भिंतीवर येऊन बसली तरी तो उभाच होता. नेटी त्याच्या हाताला लटकून रडत होती.

"रडतेस काय?" तो म्हणाला. मग किल्ल्याकडे बघून, "एवढ्याशा दारूला आमच्याकडे बार म्हणत नाहीत. घड्याळवाले बाबा, इथे चहा कुठे मिळतो?"

चहा मी पाजला. त्याने तो संपवला आणि महाग आहे असंही म्हणाला.

तेव्हापासून एफी तोफेआधी घोळक्याला स्पष्ट बजावते. कोणी दचकत नाही, कोणाला थंडी वाजत नाही, माझे मफलर तसेच पडून आहेत. डॉडची गोष्ट मात्र ती सांगते. परवा तिच्या गोष्टीत त्याच्या आवाजाने तोफच घाबरून गप्प बसली. मी डोळे वटारले, तर म्हणाली, "गप रे वॅटी. डॉड येतोय पुढच्या महिन्यात. त्याची तक्रार असेल तर तो करेल."