जागेवर सर

आमचे जागेवर सर कशावरही विश्वास ठेवत नसत. कुणी "सर, आज मंगळवार" म्हटलं, तर ते तीन कॅलेंडरं पाहायचे आणि नाक्यावर जाऊन कोंबडीवाला माश्या मारत बसलाय ना, याचीही खात्री करून यायचे. स्वतःच्या लग्नात अंतरपाट दूर झाल्यावर त्यांनी नवरीला नाव विचारलं आणि नंतर तिच्या मामालाही विचारलं. मी त्या लग्नाला नव्हतो, पण पंगतीतला जिलेबीचा डोंगर मला अजून दिसतो.

"जागेवर जाऊन पाहिलंत का?" हा त्यांचा प्रश्न. नाव त्यावरूनच पडलं.

पनवेलजवळचं आमचं गाव विमानतळासाठी उठलं आणि आम्ही नव्या वसाहतीत आलो. जुनं गाव सपाट होऊन पत्र्याच्या कुंपणाआड गेलं. पोरं मोबाईलवरच्या थापा खऱ्या मानू लागली, म्हणून सरांनी शाळेत पोरांचं वर्तमानपत्र काढलं, 'उधाण'. चार पानं, झेरॉक्सवर. चित्रकलेचा शिक्षक मी, म्हणून पहिल्या पानावरची लाट माझी. ती इतकी जिवंत उतरली की आमचा शिपाई पँट दुमडून अंक वाचायचा. बातमी पोरांनी आणायची, जागेवर जाऊन सरांनी पडताळायची. एकच अट होती. घरच्या माणसाची बातमी घरच्यानं पडताळायची नाही.

एकदा सातवीतली धनू मैत्रिणीला घेऊन आली. "सर, जुन्या विहिरीवर बाया पानी भरतात."

"विहीर बुजवली, धनू. तुझ्यादेखत."

"माहीत हाय. तरी भरतात. आमी दोघींनी पत्र्याच्या भोकातना बगितला."

"कोण बाया?"

धनूनं मैत्रिणीकडे पाहिलं. "शेवटाला काकी होती. तुमची."

सरांची बायको गाव उठायच्या आधीच वारली होती. सरांनी दोघींना वेगवेगळं बसवून विचारलं. दोघींनी तेच सांगितलं.

अंक अडला. पाल पडल्याची बातमी आली तरी जागेवर धावणारा माणूस कुंपणाच्या बाजूला फिरकेना. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडायचा आणि तसाच बंद करायचा. "पोरींना भास झाला असेल," मी म्हणालो. "असेल," सर म्हणाले, "पण ते तरी कुणीतरी पाहून यायला हवं ना?"

शेवटी एका भर दुपारी ते माझ्यापुढे उभे राहिले. "तुम्ही चला. माझ्या घरची बातमी आहे, मला बघता यायचं नाही. फक्त आज दिसेल तेवढंच सांगा. पदरचं काही घालू नका."

कुंपणाशी चिटपाखरू नव्हतं. सर पत्र्याकडे पाठ करून उभे राहिले. मी भोकाला डोळा लावला.

"बाया नाहीत," मी म्हणालो. सरांचे खांदे पडले.

"पण विहिरीच्या जागेभोवती ओले गोल आहेत, सर. हंडा टेकवल्यावर उठतात तसे. रांगेत." आणि बघता बघता, कोरड्या मातीवर, रांगेच्या शेवटी आणखी एक उमटला. "आत्ता एक नवा उठला."

"मोठा?"

"नाही. लहान. कळशीचा."

"कंबर दुखायची तिची," सर म्हणाले. "हंडा उचलवायचा नाही." मग लगेच, "हे कंबरेचं छापू नका. हे तुम्ही पाहिलेलं नाही."

"एकदा स्वतः बघा ना, सर."

"नको. तुम्ही पाहिलंत ना?" त्यांनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

अंक निघाला. 'बाया दिसल्या नाहीत. ओले गोल दिसले.' एवढीच बातमी. खाली माझं नाव होतं, त्यामुळे वसाहतीत कुणाचाच विश्वास बसला नाही.

या उन्हाळ्यात सर निवृत्त होऊन लेकीकडे गेले. रिक्षा कुंपणावरून गेली तेव्हा त्यांनी आतून एक हात बाहेर काढला आणि पत्र्यावरून तसाच फिरवत नेला, कुंपण संपेपर्यंत. बोटं कापतील, असं मी ओरडणार होतो. ओरडलो नाही.