फाट्यावरचा रिकामा कट्टा

मंडळी, आज संध्याकाळी बेळगावहून गावी आले. आमचं गाव निपाणीच्या अलीकडे, हायवेच्या फाट्यापासून थोडं आत. शनिवारी बस यायच्या आधीच आई आणि गल्लीतल्या बायका फाट्यावरच्या कट्ट्यावर आपापल्या पोरांची वाट बघत बसलेल्या असायच्या.

आज कट्ट्यावर कुणीच नव्हतं.

कारण मला माहीत आहे. मागच्या खेपेला मीच आईला मोबाइलवर लाइव्ह लोकेशन बघायला शिकवलं. तिनं शेजारच्या आक्कांना शिकवलं आणि आक्कांनी अख्ख्या गल्लीला.

घरी पोचले तर गरम भात तयार.

"संकेश्वर सोडलंस तवा कुकर लावला," आई म्हणाली. "ठिपका कसा सरसर येतोय गं तुझा! त्या कट्ट्यावर बसून गुडघं लई धरायचं माझं. सुटले बघ."

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. अ‍ॅप अचूक चालतंय, आईचे गुडघे वाचले. तक्रार करण्यासारखं यात काही नाही.

फक्त फाटा जवळ आला की मी बसच्या खिडकीतून कट्ट्यावर आईची साडी शोधते. आजही शोधली.

तुमच्यासाठी अजून कुणी फाट्यावर येऊन थांबतं का?